मकरमुखी कडी किती जुनी? प्राण्याच्या आकृतीवरून दागिन्याचा काळ ठरवता येतो का?

कृष्णाकाठची (सांगली) – प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार.

सासूबाई गेल्यानंतर त्यांचा पितळी डबा आम्ही गेल्या महिन्यात प्रथमच उघडला. ठुशी, बुगड्या, पुतळ्यांची माळ असे ओळखीचे दागिने वर होते आणि तळाशी, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली, सोन्याच्या कड्यांची एक जोडी होती. सासूबाईंनी ही कडी कधी घातलेली मला आठवत नाहीत. यजमानांना ती त्यांच्या आजीच्या हातात पाहिल्यासारखी वाटतात, पण त्याहून अधिक कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक कड्याला दोन तोंडे असून ती एका लहान गोळ्याला दोन्ही बाजूंनी चावत असल्यासारखी समोरासमोर येतात. प्राणी कोणता, यावर घरातच तीन मते आहेत. वर वळलेली सोंड पाहून सासरे हत्ती म्हणतात, दातांच्या दोन ओळी पाहून मुलगा मगर म्हणतो आणि कानांमागची आयाळ पाहून जाऊबाई सिंह म्हणतात. डोळ्यांत लाल खडे आहेत, त्यांपैकी एक पडलेला आहे. मानेभोवती मोहरीहूनही बारीक सोन्याच्या दाण्यांची दुहेरी ओळ आहे आणि तिच्यामागे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कड्याच्या निम्म्यापर्यंत गेली आहे. कडे मागच्या बाजूला बिजागरीवर उघडते आणि मधल्या गोळ्यातून जाणाऱ्या मळसूत्री पेचाने बंद होते. एकेक कडे ५८ ग्रॅम, म्हणजे पाच तोळ्यांना किंचित कमी भरले. २०१९ च्या महापुरात हा डबा दोन दिवस पाण्याखाली होता आणि त्यातले एक कडे आता कानाशी हलवले की आत काहीतरी खुळखुळते.

या कड्यांची छायाचित्रे नात्यातल्या एकाने जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. त्याने पाहताक्षणी ही कडी ग्रीक घाटाची आणि दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे सांगितले, सोन्याच्या भावापेक्षा थोडी अधिक रक्कम देऊ केली आणि व्यवहार होईपर्यंत ती कोणाला दाखवू नयेत, असेही बजावले. दुसरीकडे पुतणीचे लग्न ठरले आहे आणि ही जोडी मोडून तिच्यासाठी नव्या घडणीच्या पाटल्या कराव्यात, असा जाऊबाईंचा विचार आहे. माझा कोणत्याच गोष्टीला विरोध नाही, परंतु आपण काय मोडतो किंवा विकतो आहोत हे आधी समजावे, एवढीच इच्छा आहे. दागिन्यावरच्या प्राण्यावरून तो किती जुना हे ठरवता येते का? आणि येत नसेल, तर मग कशावरून ठरवावे?

पाटणचा पाहुणा – प्रतिसाद

ताई, आमच्या आजोळी अशीच एक जोडी होती आणि तिला घरात सरळ ‘मगरतोंडी’ म्हणत. ती १९७२ च्या दुष्काळात मोडली, त्यामुळे तुलनेसाठी आता दाखवण्यासारखे काही उरलेले नाही. कड्याच्या आतल्या बाजूचे, म्हणजे मनगटाला लागणाऱ्या भागाचे, छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून ठेवावे. माणसे नेहमी तोंडाचेच छायाचित्र काढतात. आणि जो ग्राहक वस्तू कोणाला दाखवू नका असे सांगतो, त्याच्या घाईचे कारण त्यालाच विचारावे.

निवृत्त इतिहासशिक्षक (सातारा) – प्रतिसाद

ताई, आपल्या घरातली तिन्ही मते बरोबर आहेत, कारण या प्राण्याची घडणच तशी आहे. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा, माशाचे खवले आणि कधी कधी सिंहाचा आवेश एकत्र करून आपल्या कारागिरांनी जो जलचर कल्पिला, तो मकर होय. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडले असतात, जुन्या देवळांच्या तोरणांवर आणि पाणी वाहून जाण्याच्या नळांवरही तोच दिसतो. त्यामुळे आपल्या कड्यांना मकरमुखी म्हणायला हरकत नाही.

आता समोरासमोर येणाऱ्या दोन तोंडांविषयी. ही कल्पना फार जुनी आहे आणि तिचा सर्वांत भव्य आविष्कार इराणच्या हखामनी साम्राज्यात, इसवी सनापूर्वी सहाव्या ते चौथ्या शतकांत, झाला. पर्सेपोलिस येथील अपादाना नावाच्या दरबारी सभागृहाच्या जिन्यावर सम्राटाकडे भेटी घेऊन येणाऱ्या लोकांची शिल्पे आहेत. त्यांतल्या काहींच्या हातांत टोकांना प्राण्यांची डोकी असलेली कडी स्पष्ट दिसतात. प्रत्यक्ष सोन्यातली उदाहरणे हवी असतील, तर आमू दर्या नदीच्या काठी, आजच्या ताजिकिस्तानात सापडलेल्या आणि ‘ऑक्ससचा खजिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे १८० वस्तूंकडे पाहावे. त्यांतल्या दोन मोठ्या बाजूबंदांच्या टोकांना शिंगे आणि पंख असलेले ग्रिफिन, म्हणजे गरुड आणि सिंह यांच्या मिश्रणातून घडवलेले प्राणी, आहेत. त्यांच्या अंगावर रंगीत खड्यांसाठी कोरलेले खोबणीसारखे कप्पे आहेत आणि त्यांतले बहुतेक खडे आज गळून गेले आहेत. तो रिकामा कप्पा पाहिला की आपल्या कड्याच्या पडलेल्या डोळ्याची आठवण होईल.

हा खजिना संग्रहालयात पोहोचण्याची हकिकतही सांगण्याजोगी आहे. १८८० साली काबूलहून पेशावरकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना वाटेत दरोडेखोरांनी पकडले. कॅप्टन बर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रात्री त्यांच्या तळावर जाऊन लुटीचा बराचसा भाग सोडवला आणि कृतज्ञतेपोटी व्यापाऱ्यांनी त्याला यातला एक बाजूबंद विकत घेऊ दिला. तो १८८४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतला. आम्हा सातारकरांना हे नाव आता चांगले परिचित आहे, कारण २०२४ च्या जुलैत येथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आलेली वाघनखे त्याच संग्रहालयाची. उरलेल्या वस्तू रावळपिंडीच्या बाजारात गेल्या आणि त्यांतल्या अनेक पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी घेतल्या. पुढे त्या संग्राहक ऑगस्टस फ्रँक्स यांच्याकडे गेल्या आणि फ्रँक्स यांच्या मृत्युपत्रानुसार १८९७ साली ब्रिटिश संग्रहालयात दाखल झाल्या.

याच कनिंगहॅम यांनी १८७३ साली मध्य भारतातला भरहुतचा स्तूप उजेडात आणला होता. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘करहकट’ निगमाचे, म्हणजे आपल्या कराडच्या नगरीचे, दान नोंदवलेले आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कराडचे लोक इतक्या दूरच्या स्तूपाला दान देत होते आणि त्या स्तूपावरच्या यक्षींच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत दागिने होते. परंतु ते सर्व दगडात आहेत. भारतातल्या प्राचीन सोन्याची मुख्य अडचण हीच आहे. शक, इराणी, ग्रीक आणि प्राचीन इटलीतल्या इट्रुस्कन लोकांनी मृतांसोबत दागिने पुरले, म्हणून ते आज सापडतात. आपल्याकडे प्रेताला अग्नी दिला आणि सोने पुढच्या पिढीने वितळवून पुन्हा घडवले. म्हणून आपल्या प्राचीन सोनारांची कला आपल्याला बव्हंशी शिल्पांतूनच पाहावी लागते. पितळखोरे येथील लेण्यात मिळालेल्या यक्षाच्या हातावर, तो कण्हदास नावाच्या ‘हिरंनकारा’ने, म्हणजे सोनाराने, घडवल्याचे कोरलेले आहे. ज्याचा हात सोन्यावर बसलेला होता त्याने दगडातही काम केले, आणि त्याचे सोने गेले तरी दगड राहिला.

अपवाद थोडे आहेत, पण अप्रतिम आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली, बहुधा आंध्र भागातली, कर्णभूषणांची एक जोडी आहे. प्रत्येकात एक पंख असलेला सिंह आणि एक हत्ती असून दोन्ही प्राणी पत्र्याला मागून उठाव देऊन काढलेले आहेत. त्यांवर सोन्याचे दाणे, तारेचे तुकडे आणि स्वतंत्रपणे घडवलेले बारीक अवयव जडवलेले आहेत. कानाच्या पाळ्या खांद्याला टेकवील असे ते काम आहे. सातवाहनांच्या काळात दख्खनमध्ये सोन्यात प्राणी कसे घडत, याचा अंदाज यावरून यावा.

थोडे अवांतर होईल, पण एक दागिना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७१ साली युक्रेनमधल्या तोव्स्ता मोहिला नावाच्या टेकडीखालच्या शक राजाच्या थडग्यात सोन्याचे १,१५० ग्रॅम वजनाचे, सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचे वक्षभूषण सापडले. खालच्या पट्टीत ग्रिफिन घोड्यांना फाडत आहेत, मात्र वरच्या पट्टीत घोडी शिंगराला पाजते आहे, गाय वासराजवळ उभी आहे, दोन दाढीवाले पुरुष मेंढीच्या कातड्याचा सदरा हातांत धरून बसले आहेत आणि एक पोरगा मेंढीची धार काढतो आहे. आटपाडीकडच्या धनगराला हे चित्र दाखवले, तर मेंढी धरण्याची पद्धत बरोबर आहे की नाही हे तो लगेच सांगेल.

आपल्या प्रश्नाकडे येतो. अलेक्झांडरनंतर ग्रीक सोनारांनी सिंह, मेंढा, काळवीट यांची डोकी असलेली कडी पुष्कळ घडवली. उत्तर अफगाणिस्तानातल्या तिल्या टेपे येथे १९७८–७९ साली पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर सारियानिदी यांना जी सहा थडगी मिळाली, त्यांतल्या एका स्त्रीच्या हातांत काळविटाच्या तोंडांची कडी होती. अशी दोन तोंडांची कडी गेली अडीच हजार वर्षे ठिकठिकाणी घडतच आली आहेत आणि प्रत्येक प्रदेशाने तोंडाशी आपापला प्राणी बसवला आहे. आपल्या कड्यांवर मकर आहे, म्हणजे घडवणारा हात भारतीय परंपरेतला आहे. ग्रीक सोनाराने मकर घडवण्याचे काहीच कारण नाही. पण तो हात शंभर वर्षांपूर्वीचा की हजार, हे मकर सांगू शकत नाही. त्याची उत्तरे सोनारकामात आहेत आणि त्यासाठी सराफ कट्ट्यावरच्या जाणत्या माणसाने बोलावे.

व्यापाऱ्याविषयी एवढेच. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. दोन हजार वर्षांची ग्रीक कडी सोन्याच्या भावाहून ‘थोड्या अधिक’ रकमेत मागणारा माणूस स्वतःच आपल्या विधानावर विश्वास ठेवत नाही, असे मला वाटते.

फुंकणी-चिमटा (सांगली) – प्रतिसाद

मी सराफ कट्ट्यावर तीन पिढ्यांचे काम पाहणारा कारागीर आहे. सरांनी लिहिलेला इतिहास मला एवढा ठाऊक नव्हता. मी फक्त हातात वस्तू आली की काय पाहतो, ते सांगतो.

प्रथम तार पाहावी. मानेभोवती दाण्यांच्या दोन ओळींच्या कडेने बारीक तार बसवलेली असेल. आम्ही तार काढतो ती जंतरातून, म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून, आणि अशा तारेच्या अंगावर लांबीच्या दिशेने समांतर बारीक रेघा उठतात. फार जुन्या काळी पत्र्याची अरुंद पट्टी पीळ देऊन आणि लाटून तार करीत. अशा तारेवर स्क्रूच्या आट्यांसारखी तिरकी सांध फिरत गेलेली दिसते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हा फरक कोणालाही कळतो. समांतर रेघा दिसल्या की दोन हजार वर्षांची गोष्ट बहुतेक तिथेच संपते.

दुसरे, रवे. आपण ज्यांना दाणे म्हणालात, त्यांना आम्ही रवे म्हणतो आणि त्या कामाला रवाकाम. सोन्याचे बारीक तुकडे कोळशाच्या पुडीत ठेवून तापवले की वितळताना ते आपोआप गोल होतात. एवढे सोपे आहे. अवघड आहे ते चिकटवणे, कारण नेहमीचा टाका, म्हणजे सांधण्यासाठी वितळवायचा मिश्रधातू, वापरला तर तो वाहून रव्यांच्या मधल्या फटी बुजवतो आणि ओळ चिखलात बसवल्यासारखी दिसते. जुने कारागीर तांब्याचा क्षार डिंकात किंवा वाटलेल्या गुंजेच्या लुकणात कालवून त्याने रवे चिकटवीत. आचेवर ते लुकण जळून कोळसा होते, त्या कोळशामुळे क्षारातले तांबे मोकळे होते आणि रवा जिथे टेकला आहे तेवढ्याच जागी सोन्यात मिसळते. सोने १०६४ अंशांना वितळते, पण सोने-तांब्याचे हे मिश्रण त्याहून बरेच आधी, सुमारे ९०० अंशांच्या आसपास, पातळ होते. म्हणून रवा तसाच राहतो आणि सांधा मात्र पक्का होतो. युरोपात ही युक्ती विस्मरणात गेली होती; एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या थडग्यांतले दागिने पाहून तिथल्या नामांकित सोनारांनी खटपट केली, आणि लिटलडेल नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९३३ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे गुंज वाटून रवे बसवणारे हात तेव्हाही काम करीत होते, हे त्या गृहस्थाला कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे.

या कलेचे टोक कुठवर जाते, हे पाहायचे असेल तर क्रीट बेटावरच्या मालिया येथे १९३० साली सापडलेल्या लोलकाचे चित्र शोधावे. दोन मधमाश्या एका थेंबाला दोन्ही बाजूंनी बिलगल्या आहेत आणि मध्ये पोळ्याची चकती आहे, ती सगळी रव्यांनी भरलेली. साडेतीन हजारांहून अधिक वर्षे झाली त्याला. मी ते चित्र दुकानात काचेखाली लावले आहे आणि शिकाऊ मुलगा कंटाळला की त्याच्यासमोर सरकवतो.

तिसरे, टाका. आजच्या मशीनवर टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढताना कड्याच्या अंगाचा टंच वेगळा घ्यावा आणि सांध्याचा वेगळा. सांध्यात कॅडमियम निघाले, म्हणजे लोक ज्याला केडीएम म्हणतात तो टाका निघाला, तर ते काम विसाव्या शतकातले समजावे, कारण कॅडमियम हा धातूच मुळी १८१७ साली वेगळा ओळखला गेला. मात्र इथे एक पथ्य आहे. जुन्या वस्तूची दुरुस्ती नव्या टाक्याने केलेली असते, त्यामुळे एका सांध्यावरून संपूर्ण दागिना नवा ठरवू नये. बिजागरी आणि पेच ही सर्वांत आधी झिजणारी ठिकाणे असल्याने दुरुस्ती तिथेच सापडते. पेचाचे आटेही पाहावेत. पूर्वी दांडीवर बारीक तार गुंडाळून ती टाक्याने बसवीत, त्यामुळे आटे किंचित कमीजास्त असतात. यंत्रावर कापलेले आटे एकसारखे असतात.

राहिला खुळखुळाट. त्याचा महापुराशी संबंध असेलच असे नाही. अशी कडी पोकळ पत्र्याची असतात आणि पत्रा दबू नये म्हणून आत लाख भरतात, तिच्यात बहुधा विटेची पूड असते. लाख जुनी झाली की आकसते, तडकते आणि तिचे तुकडे आत वाजू लागतात. याचाच अर्थ असा की आपले ५८ ग्रॅम हे सोन्याचे वजन नव्हे.

विट्याचा गलाईवाला (सध्या तमिळनाडूत) – प्रतिसाद

शेवटचे वाक्य जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवावे, ताई. आमच्या खानापूर-आटपाडी भागातल्या घरटी एकाने तरी देशात कुठे ना कुठे गलाईची, म्हणजे सोने वितळवून शुद्ध करण्याची, भट्टी लावलेली असते आणि माझेही आयुष्य त्यातच गेले, म्हणून अनुभवावरून लिहितो. लाख भरलेले कडे मुशीत जाण्याआधी भाजावे लागते. लाख जळून जाते, खडे काढावे लागतात, टाक्यातले हिणकस वेगळे होते आणि शेवटी कांडी वजनाला ठेवली की घरच्या लोकांचा चेहरा उतरतो. घडणावळ तर केव्हाच बुडालेली असते. आम्ही दोष घेतो, पण तूट आम्ही केलेली नसते.

मला या कामाचा कमीपणा नाही. सोने शुद्ध करण्याचे काम किती जुने आहे, हे मला एका ग्राहकाने सांगितले होते. तुर्कस्तानात सार्डिस म्हणून ठिकाण आहे, तिथे १९६८ साली इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली गलाईची जागा खणून काढली. नदीच्या सोन्यात चांदी असायची, म्हणून ते सोने मिठात घालून मातीच्या भांड्यात तासन्‌तास तापवत आणि मीठ चांदीला ओढून घेई. आम्ही तेच काम तेजाबाने करतो. आज कोणाच्याही पाटलीत जे सोने आहे, त्यात किती पिढ्यांचे कोणकोणते दागिने मिसळलेले असतील, हे कोणी सांगू शकणार नाही.

तरीही पस्तीस वर्षांत दोन वेळा मी वस्तू परत पाठवली आहे. एकदा नागाच्या फण्याची वाकी होती, तिच्या फण्यावरचे खवले एकेक करून कोरलेले होते. ती आणणाऱ्या बाईंना मी म्हटले, की ही मोडायचीच असेल तर दुसऱ्या भट्टीवर न्या. त्यांनी नेली की नाही, ठाऊक नाही.

शेतात नांगराला लागलेले सोने असेल, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडला, तर कलेक्टरला कळवावे लागते. २००० साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या मंडी गावात हडप्पाकाळचे सोन्याचे दागिने शेतात निघाले आणि कळवाकळवी होण्याआधीच गावकऱ्यांनी ते वाटून नेले. तुमची कडी घरच्या डब्यातली आहेत, त्यांना हे लागू नाही.

कृष्णाकाठची (सांगली) – प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर

सर्वांचे मनापासून आभार. पाहुण्यांच्या सूचनेप्रमाणे आतल्या बाजूची छायाचित्रे काढली आणि काल दोन्ही कडी कारागीरदादांकडे नेली. त्यांनी दोन तास दिले आणि पैसे घेतले नाहीत.

भिंगातून मी स्वतः पाहिले. मानेजवळच्या तारेवर समांतर रेघा स्वच्छ दिसतात. रवे मात्र एकमेकांना चिकटून न बुजता वेगळे उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या फटींत कित्येक वर्षांची काळी धूळ बसली आहे. सांध्यांचा टंच तीन ठिकाणी घेतला. मानेच्या सांध्यांत कॅडमियम नाही, पण एका कड्याच्या बिजागरीत ते आहे. पेचाचे आटे कमीजास्त आहेत.

खरे आश्चर्य आतल्या बाजूस निघाले. मनगटाला लागणाऱ्या पत्र्यावर बिजागरीजवळ टोकदार हत्याराने काढलेली काही अक्षरे आहेत. ती मोडी लिपीतली असावीत, असे वाटून मी छायाचित्र सरांना पाठवले. त्यांनी दिलेल्या वाचनाप्रमाणे तेथे ‘३ तो ९ मा’ एवढेच आहे. दुसऱ्या कड्यावर हीच खूण झिजून नुसता तीनचा आकडा राहिला आहे.

हे वजन सोन्याचे असेल, तर उरलेले सर्व लाख आणि खडे समजायचे का? आणि मोडीवरून काळ सांगता येतो का?

जाऊबाईंना हिशेब कळला आहे. पुतणीने आपल्या लग्नात हीच कडी घालायची असे परस्पर ठरवले असून पाटल्यांचा विषय तूर्त बाजूला पडला आहे. व्यापाऱ्याला नकार कळवला, तेव्हा त्याने ग्रीक हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

निवृत्त इतिहासशिक्षक (सातारा) – प्रतिसाद

बारा माशांचा तोळा धरला आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा मानला, तर तीन तोळे नऊ मासे म्हणजे ४३.७ ग्रॅम होतात. म्हणजे प्रत्येक कड्यात लाख आणि खडे मिळून १४ ग्रॅमच्या जवळपास असावेत. यात एक अडचण ध्यानात ठेवावी. १८० ग्रेनचा हा तोळा इंग्रजांनी १८३३ साली ठरवला; त्याआधी गावोगावचे तोळे कमीअधिक होते. लाख काढून निव्वळ सोने तोलले, तर खूण कोणत्या तोळ्यात आहे हे कळू शकेल, पण तेवढ्यासाठी लाख काढू नये.

मोडीचा वापर व्यापारी आणि कारागिरांत विसाव्या शतकातही बराच काळ चालू होता. त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून शतक सांगणे धाडसाचे होईल. मात्र मराठी मुलखातल्या सोनाराने, मराठी ग्राहकासाठी, वजनाचा हिशेब पक्का राहावा म्हणून ही खूण केली, एवढे निश्चित म्हणता येते. तार, रवे, पेच आणि आपल्या यजमानांची आठवण एकत्र धरली, तर मी एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा विसाव्याचा आरंभ एवढा पल्ला धरीन. बिजागरीची दुरुस्ती त्यानंतरची.

फुंकणी-चिमटा (सांगली) – प्रतिसाद

सरांशी सहमत. लग्नाआधी करण्याच्या गोष्टी सांगून ठेवतो. कडी उकळत्या पाण्यात किंवा तेजाबात घालू देऊ नयेत, कारण लाख मऊ होऊन रव्यांखालच्या एखाद्या भोकातून बाहेर येते आणि मग पत्रा दबतो. कोमट रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून वरवर घासावे आणि मऊ सुती कापडाने लगेच टिपावे. फटींतली काळी धूळ टोकरून काढू नये. तिच्यामुळेच रवे उठून दिसतात. पडलेल्या डोळ्याच्या जागी काचेचा लाल खडा आमच्याकडे मिळेल, पण तो लाखेवर बसवावा लागेल, टाक्यावर नव्हे. खुळखुळणारे कडे डाव्या हातात घालावे, उजवा हात अक्षता टाकताना आणि पाया पडताना सारखा हलतो.